धृती आणि परतीची वाट

गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. मन, प्राण व इंद्रिये यांच्या क्रिया योगाने आवरून धरते ती सात्त्विक; फळाच्या आसक्तीने धर्म, काम व अर्थ यांना धरून राहते ती राजस; आणि जिच्यामुळे निद्रा, भय, शोक, विषाद व मद सुटत नाहीत ती तामस. या शेवटच्या यादीतील ‘मद’ हा शब्द अभ्यासकास प्रथम खटकतो. निद्रा व भय ही दुर्बळाची लक्षणे. मद तर बलवानाचा! याची संगती मला लागली ती गिरनारवर.

जुनागढजवळचा हा पर्वत मराठी दत्तभक्तांच्या परिचयाचा आहे. भवनाथ तळेटीपासून दत्तशिखरापर्यंत सुमारे १०,००० पायऱ्या आहेत. निम्म्या वाटेवर अंबाजी, त्यापुढे गोरक्षनाथांचे शिखर. गुजरातेतील सर्वांत उंच स्थान ते हेच. येथून दत्तशिखर समोर दिसते, आणि येथेच यात्रिकाचा हिशेब चुकतो. तेथे जावयाचे तर आधी पुष्कळ खाली उतरून मग उभा चढ चढावा लागतो. आणि परतताना गोरक्षनाथांचा चढ पुन्हा वाट्यास येतो. वर जाण्याइतकेच बळ येण्यासाठी राखावयाचे असते, हे समोरचे शिखर पाहताना कोणाच्या ध्यानात राहते?

माझ्यासमवेत सत्तरीच्या घरातील एक स्नेही होते. पहाटे तीन वाजता निघून गोरक्षनाथांपर्यंत येण्यास नऊ वाजले. त्यांचे गुडघे थरथरत होते, पाणी संपत आले होते. मी थांबावयास सुचविले, तेव्हा ते रागावून म्हणाले, “इतकी वर्षे नेम धरला, तो समोर शिखर दिसत असता मोडू? मी दुबळा नाही!”

शेजारी एक डोलीवाला विसावला होता. त्याने हिंदीत एवढेच विचारले, “बाबा, हा चढ परत चढायचा आहे, तो मोजलात का?”

ते बराच वेळ बोलले नाहीत. एकदा मजकडे आणि एकदा खालच्या पायऱ्यांकडे त्यांनी पाहिले. मग पादत्राणे काढली, दत्तशिखराकडे तोंड करून साष्टांग नमस्कार घातला व म्हणाले, “तुम्ही जाऊन या. मी येथेच बसतो.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, ते त्यांनी लपविले नाही.

नेम धरला तो धृतीनेच. पण ‘मी दुबळा नाही’ हे शब्द निघाले तेव्हा तीच धृती मदाला धरून बसली होती. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. आपला निश्चय यांपैकी कोणता, हे दुसऱ्याने सांगून भागत नाही. डोलीवाल्याने केवळ प्रश्न विचारला होता.

मी एकटाच पुढे गेलो. (उतरणे सोपे, हा समज येथे टिकत नाही. प्रत्येक पायरीवर अंगाचा भार मांडीच्या स्नायूंना ताणून तोलावा लागतो, आणि त्यांचे दुखणे दुसऱ्या दिवशी अधिक जाणवते.) परतून आम्ही अंबाजीस आलो. तेथून तळेटीस जाणारा रज्जुमार्ग २०२० साली सुरू झाला आहे. सकाळी ज्याचे नाव काढू दिले नव्हते, त्याच्या तिकिटाच्या रांगेत ते आपण होऊन उभे राहिले. आणि दुपारी मी काठी टेकीत खाली पोहोचलो, तेव्हा माझ्यासाठी ताकाचा पेला घेऊन बसले होते.