वजन कोणत्या पायावर?

ऑगस्ट २०२३मध्ये डिस्नेने सिंगापूरमधला ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ हा लुकासफिल्मचा व्हिज्युअल इफेक्ट्स स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. तीनशेहून अधिक माणसं तिथे काम करत होती. सिंगापूरच्या बिशान या उपनगरातून मेट्रोची सर्कल लाइन पकडली की गाडी न बदलता वन-नॉर्थला पोचता येतं. हा स्टुडिओ जिथे होता ती, ‘स्टार वॉर्स’मधल्या वाळवंटी वाहनासारखी दिसणारी काचेची इमारत तिथेच आहे. २००५मध्ये लुकासफिल्मने सिंगापुरात पाऊल टाकल्यापासून चित्र काढणाऱ्या मुलांना घरी दाखवायला एक ठोस पत्ता मिळाला होता. तो पत्ता गेल्यावर ‘चित्र काढून पोट भरेल का?’ ही आईबाबांची जुनी शंका नव्याने डोकं वर काढणार, हे उघड आहे.

शंका रास्त आहे. स्टुडिओ बंद होतात, सॉफ्टवेअर बदलतं, आता एआय सेकंदात चित्र काढून देतं. मग पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने नक्की काय शिकावं, म्हणजे पुढच्या उलथापालथीतही ते कामी येईल? कलाशिक्षणाच्या जगात यावर एक जुनं आणि काहीसं कंटाळवाणं उत्तर आहे. समोरच्या माणसाला बघून माणूस काढायला शिकावं, आणि काढलेलं चार जणांसमोर ठेवून चूक ऐकून घ्यायला शिकावं.

या उत्तराच्या पहिल्या अर्ध्या भागासाठी बिशानमध्ये पैसे मोजावे लागत नाहीत. बिशान-आंग मो किओ पार्कमध्ये कालांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा कालवा होता. तो काढून तिथे ३.२ किलोमीटरची वळणदार नदी वाहती केली गेली आणि २०१२मध्ये हे काम पुरं झालं. पर्यावरणाच्या पुस्तकांत या बागेचं कौतुक येतं ते पाणमांजरांमुळे आणि पूरनियंत्रणामुळे. स्केचबुक घेऊन बसणाऱ्याला तिचा वेगळाच फायदा आहे. सपाट पदपथावर माणूस बेफिकीर चालतो, पण उतारावर किंवा पाण्यातल्या दगडांवरून जाताना त्याला पावलोपावली तोल सांभाळावा लागतो. कमर एकीकडे जाते, खांदे दुसरीकडे, हात आपोआप पसरतात. मानवाकृतीच्या अभ्यासाची सुरुवात इथूनच होते. सकाळी ताई-ची करणारे ज्येष्ठ नागरिक तर फुकटचे मॉडेल म्हणायला हवेत. एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर ते इतक्या सावकाश नेतात, की नवशिक्याची पेन्सिलही मागे पडत नाही.

शरीररचना म्हटलं की पालकांना स्नायूंची लॅटिन नावं आठवतात, आणि मुलं यूट्यूब पाहून थेट दंडाचे स्नायू रंगवायला बसतात. दोन्ही उशिराच्या गोष्टी आहेत. आधी प्रश्न एकच विचारावा: वजन कोणत्या पायावर आहे? माणूस एका पायावर भार टाकून उभा राहिला की त्या बाजूचं कमरेचं हाड वर सरकतं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला, तर तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ येतो. तसा तो येत नसेल तर चित्रातला माणूस पडतोय, मग त्याचे डोळे कितीही सुंदर काढलेले असोत. बिशान एमआरटीच्या फलाटावर मोबाइलमध्ये डोकं घालून उभ्या असलेल्या गर्दीत या नियमाची उदाहरणं ओळीने सापडतात. न सांगता स्थिर उभे राहणारे एवढे मॉडेल एरवी कुठे मिळणार?

दुसरी पायरी मापांची. प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते, वर्षभराच्या बाळाची जेमतेम चार. म्हणूनच मुलांनी काढलेलं बाळ हमखास बुटक्या काकांसारखं दिसतं. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, पण नवशिके ते कपाळात नेऊन बसवतात. हाडांचं यंत्र समजून घेण्याची पायरी तिसरी. तळहात वर करून टेबलावर ठेवा आणि मग पालथा करा. कोपरापुढची दोन हाडं आधी शेजारी-शेजारी असतात, हात पालथा करताना एक हाड दुसऱ्यावरून आडवं जातं आणि हाताचा आकारच बदलतो. हे एकदा स्वतःच्या हातावर चाचपून पाहिलेला मुलगा मनगट पुन्हा नळीसारखं काढत नाही. पुस्तकं हवीत तर बिशानचं सार्वजनिक ग्रंथालय आहेच. २००६मध्ये उघडलेल्या या इमारतीच्या दर्शनी भिंतीतून रंगीत काचेच्या खोल्या बाहेर डोकावतात. मानवाकृतीच्या रेखाटनाची पुस्तकं ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणात ७४३ या क्रमांकाखाली येतात. अँड्र्यू लूमिस यांचं ‘फिगर ड्रॉइंग फॉर ऑल इट्स वर्थ’ १९४३चं आहे. त्यातली पोशाखाची फॅशन जुनी झाली, हाडं मात्र तीच आहेत.

सराव रोज थोडा आणि वेळ लावून करावा. तीस सेकंदांची, एक मिनिटाची, पाच मिनिटांची रेखाटनं. आठवड्यातून एखादं तासभराचं. त्यातली बहुतेक वाईटच येणार. इथे मराठी घरातला एक घोटाळा आडवा येतो. गाण्याच्या क्लासला घातलेल्या मुलीकडून कोणी पहिल्या महिन्यात मैफल मागत नाही, पण चित्राच्या क्लासहून दर शनिवारी काहीतरी फ्रेम करण्याजोगं घरी यावं लागतं. त्या दडपणाखाली मुलं इंटरनेटवरचे फोटो गुळगुळीत शेडिंगसकट उतरवू लागतात. नातेवाइकांच्या ग्रुपवर वाहवा होते, पण मूल बघायला शिकत नाही.

आता उत्तराचा दुसरा अर्धा भाग. एकट्याने सराव करणाऱ्याला आपली नेहमीची चूक दिसत नाही, कारण ती चूक त्याच्या नजरेतच बसलेली असते. म्हणून सोबती लागतात. सिंगापुरात याचं चांगलं उदाहरण आहे ‘अर्बन स्केचर्स सिंगापूर’. सिॲटलचे पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कांपानारिओ यांनी २००७मध्ये सुरू केलेल्या जागतिक चळवळीची ही शाखा डिझाइन शिकवणाऱ्या तिया बून सिम यांनी २००९मध्ये उभी केली, आणि २०१५मध्ये चळवळीचं आंतरराष्ट्रीय संमेलनही इथे भरलं. मंडळी ठरलेल्या ठिकाणी जमतात, जागेवर बसून काढतात आणि शेवटी सगळ्या वह्या एकत्र मांडून पाहतात. त्यांचा भर इमारती आणि गल्ल्यांवर जास्त असतो हे खरं. पण एकाच दृश्याची वीस माणसांनी काढलेली वीस चित्रं शेजारी पाहिल्यावर जे कळतं, ते शिक्षकाच्या तासाभराच्या व्याख्यानातून कळेलच असं नाही.

तीन-चार मित्रांचा असा गट बिशानमधल्या कुठल्याही ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत जमू शकतो. पाळीपाळीने एकाने पाच मिनिटं उभं राहायचं, बाकीच्यांनी चारी बाजूंनी काढायचं. मग वह्या मांडायच्या आणि काढणाऱ्याने गप्प बसायचं, हे फार महत्त्वाचं. ‘छान’ आणि ‘काहीतरी चुकलंय’ या दोन्ही शेऱ्यांवर बंदी घालावी, कारण त्यांतून पुढचं चित्र सुधारत नाही. ‘डावा खांदा वर हवा होता, कारण ती उजव्या पायावर उभी होती’ हे बोलणं उपयोगाचं. दुसऱ्याच्या कागदावर रेघ ओढायची नाही. वर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर दाखवावं, म्हणजे चूक आणि दुरुस्ती दोन्ही शिल्लक राहतात. आणि एका वेळी एकच चूक. सात चुका ऐकलेलं मूल घरी जाऊन काहीच दुरुस्त करत नाही. चित्रपटाच्या किंवा गेमच्या स्टुडिओत दिवसाचं काम सर्वांसमोर लावून त्यावर चर्चा होते. तिथे रुसणाऱ्याचं कठीण असतं, आणि दुसऱ्याची चूक नेमकी व सभ्यपणे सांगणाऱ्याला मान असतो. एआयने काढलेल्या चित्रात खांदा कुठे निखळलाय, हे सांगणारा माणूसही याच सरावातून तयार होतो.

एक नाजूक मुद्दा इथेच बोललेला बरा. कलाशाळेत पुढे विवस्त्र मॉडेलवरून रेखाटन करावं लागतं, हे कळल्यावर अनेक घरांत आवाज एकदम खाली येतो. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९च्या सुमारास तिथे लाइफ क्लास रुजवला. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ चित्रपटाने अशा मॉडेलचं कष्टाचं आयुष्य २०१८मध्ये मराठी प्रेक्षकांसमोर आणलं. तो पालकांनी अवश्य पाहावा. शाळकरी वयात मात्र याची गरजच पडत नाही. तोल, माप आणि हाडांची वळणं कपड्यांतल्या माणसावरून भरपूर शिकता येतात.

पोटाचं काय? ज. जी.मध्ये १८९०मध्ये दाखल झालेले कोल्हापूरचे म. वि. धुरंधर रस्त्यावरची माणसं टिपत राहिले. त्यातून चित्र-पोस्टकार्डं निघाली, एडवर्ड्स यांच्या १९१२च्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’सारख्या पुस्तकांची चित्रं निघाली, आणि पुढे ते त्याच संस्थेचे संचालक झाले. वळणावळणाचा रस्ताही असतो. सिंगापूरचे सनी ल्यू केंब्रिजमध्ये तत्त्वज्ञान शिकले आणि मग अमेरिकेत ऱ्होड आयलंडला इलस्ट्रेशन. त्यांच्या ‘द आर्ट ऑफ चार्ली चान हॉक चाय’ला २०१७मध्ये तीन आयझनर पुरस्कार मिळाले. म्हणजे चित्रासाठी अभ्यास सोडावाच लागतो असं नाही, आणि अभ्यासासाठी चित्रही सोडावं लागत नाही.

एखाद्या रविवारी बिशानहून नॉर्थ साउथ लाइनने सिटी हॉलला उतरून मुलांना नॅशनल गॅलरीत न्यावं. नागरिक आणि पीआर (कायम रहिवासी) यांना कायमस्वरूपी दालनांत प्रवेश मोफत आहे. चुआ मिया टी यांचं ‘नॅशनल लँग्वेज क्लास’ हे १९५९चं तैलचित्र तिथे आहे. गोल टेबलाभोवती मलाय शिकायला बसलेली माणसं, एवढाच विषय. कोण पुढे झुकलंय, कोणाचे हात कुठे टेकलेत, यावरून प्रत्येकाचा स्वभाव कळतो. शरीररचना शिकून पुढे काय करायचं, याचं उत्तर तिथे भिंतीवर आहे.

दरवाजे कोणते, तेही पाहू. नॉर्थ साउथ लाइनवर एका दिशेला धोबी घाटजवळ ‘स्कूल ऑफ द आर्ट्स’ आहे. तिथला सहा वर्षांचा अभ्यासक्रम प्राथमिक सहावीनंतर सुरू होतो, त्यामुळे निर्णय लवकर घ्यावा लागतो. दुसऱ्या दिशेला यिओ चू कांगला, बिशानपासून दोनच स्थानकांवर, नानयांग पॉलिटेक्निक आहे. पॉलिटेक्निकच्या ‘अर्ली ॲडमिशन्स एक्सरसाइज’मध्ये शालान्त परीक्षेचे गुण हाती येण्याआधीच कल पाहून सशर्त प्रवेश मिळू शकतो, आणि डिझाइनच्या शाखांना पोर्टफोलिओ व मुलाखतीला वजन असतं. १९३८ची नानयांग ॲकॅडमी आणि १९८४चं लासाल कॉलेज यांच्या युतीतून २०२४मध्ये ‘युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स’ सुरू झाल्यामुळे या दोन्ही संस्थांतल्या शिक्षणाची पदवी आता देशातल्याच विद्यापीठाची मिळते. परदेशी विद्यार्थ्याने सरकारी ट्यूशन ग्रँट घेतली, तर शिक्षणानंतर तीन वर्षं सिंगापुरातल्या कंपनीत काम करण्याचं बंधन येतं. सही करण्याआधी हे घरात नीट बोलून घ्यावं. भारतात परतायचं असेल तर आयआयटी मुंबई घेत असलेल्या ‘यूसीड’ या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेत हाताने काढायचं चित्र असतंच, आणि २०२३पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेलं ज. जी.ही आहे.

महागडा ड्रॉइंग टॅब्लेट वर्षभर थांबला तरी चालेल. साधी वही, टू-बी पेन्सिल आणि प्रत्येक पानावर तारीख एवढं पुरे. पोर्टफोलिओत शेवटी दहा-पंधरा चित्रं जातील, पण मुलाखतीत ‘इथपर्यंत कसा पोचलास?’ असं विचारलं, तर उत्तर त्या तारखांच्या वह्यांतच असेल. पॉलिटेक्निकचे लवकर प्रवेशाचे अर्ज साधारणपणे जूनअखेरीस सुरू होतात. आईबाबांनी त्याआधी निदान वर्षभर तरी घराची आवराआवर करताना फसलेल्या चित्रांच्या वह्या रद्दीत टाकू नयेत.