पातें टाकावें, दांडा राखावा

मिसरूड फुटूं लागलें म्हणजे दाढीस कोणतें साधन घ्यावें, हा प्रश्न तुमच्यापुढें येणारच. चार-सहा वेळां वापरून टाकून देण्याचा प्लॅस्टिकचा रेझर स्वस्त दिसतो खरा. पण तो घेण्यापूर्वीं थोडा विचार करा.

जुन्या वस्तऱ्यास वारंवार धार लावावी लागे. दांडा कायमचा ठेवून पातळ पातें तेवढें बदलावें, ही कल्पना अमेरिकेंत किंग कॅम्प जिलेट यांनीं काढली. इतक्या पातळ पोलादास टिकाऊ धार आणण्याचें अवघड काम विल्यम निकर्सन यांनीं साधलें. १९०३ सालीं अवघे ५१ रेझर खपले; १९०४ सालीं पेटंट मिळालें आणि खप झपाट्यानें वाढला.

पुढें १९७५ सालीं फ्रान्समधील बिक कंपनीनें दांड्यासकट टाकावयाचा रेझर बाजारांत आणला. झिजतें तें पातें. पण त्याच्याबरोबर धडधाकट दांडाही केरांत जाऊं लागला! शिवाय पोलाद व प्लॅस्टिक एकमेकांत घट्ट बसविलेलें असल्यानें तीं वेगळीं करून पुन्हां उपयोगांत आणणें कठीण.

सेफ्टी रेझरसाठीं हात मात्र शिकवावा लागतो. दाढी कोमट पाण्यानें भिजवून ब्रशानें फेस करावा. पातें त्वचेशीं सुमारें ३० अंशांच्या कोनांत धरून, दाब न देतां, केंस वाढतात त्या दिशेनें हलकेच फिरवावें. बोथट पातीं पत्र्याच्या डबींत सांठवावीं. उघडीं टाकल्यास केर उचलणाऱ्याचा हात कापतो.

झिजलें तेवढेंच बदलावें, टिकतें तें जपावें; काटकसर म्हणतात ती हीच.