मुलांची धास्ती : आधी ऐका, मग बोला

दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली की वस्तीतल्या आया आमच्याकडे एकच तक्रार आणतात : "सिस्टर, पोरीच्या पोटात रोज सकाळी दुखतं. सुट्टीला मात्र काही नसतं. नाटकं करते."

हे नाटक नाही. धास्तीने शरीर खरोखर दुखते. छाती धडधडते, हाताला घाम येतो, पोटात गोळा उठतो, झोप उडते. अंगात रक्त कमी असले तरी धडधड होते, म्हणून आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. पण बाहेरची बाधा समजून भगताकडे नेऊ नका. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरात गंडेदोरे कशाला?

आपल्या घरांत एक वाक्य सर्रास ऐकू येते : "बाबासाहेब १८ तास अभ्यास करायचे, तुला दोन तास बसवत नाही?" आम्हीही आमच्या मुलाला हेच बोललो होतो. त्याने मनातले सांगणेच बंद केले. बाबासाहेब लेकरांचा आधार आहेत, त्यांची छडी करू नका.

कसे बोलावे?

एका खोलीत एकांत मिळत नाही. पाणी भरताना, दुकानात जाताना बोला. नजरेला नजर नसली की मुले मोकळी होतात. "घाबरतेस कशाला?" असे न म्हणता "हल्ली जेवत नाहीस, काय होतंय?" असे विचारा आणि मध्ये तोडू नका. वर्गात कुणी जातीवरून टोचत असेल तर "दुर्लक्ष कर" म्हणू नका. दोष तुझा नाही हे सांगा आणि शाळेत सोबत जा.

धडधड सुरू झाली तर

शेजारी बसा. श्वास सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर, पाच मिनिटे.

मदत कधी घ्यावी?

त्रास दोन आठवड्यांहून जास्त चालला, शाळा सुटू लागली, तर सरकारी रुग्णालयात दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून रात्रंदिवस चालतो. "जगावंसं वाटत नाही" असे मूल म्हणाले, तर मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटे सोडू नका, उंदराचे औषध, गोळ्या दूर ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात यावर दहा मिनिटे बोला. मुलांनाही बोलू द्या.