‘वुड हॅव’ नेमकं कुठे?

प्रश्न : मुलगी ‘इफ आय वुड हॅव लेफ्ट अर्लियर’ असं लिहिते आणि बाई ते खोडतात. घरी आम्ही मराठी बोलतो. चूक कशामुळे होते?
– एक वाचक, चामराजपुरम, म्हैसूर

उत्तर : चूक मराठीच्या वळणातून येते, त्यामुळे मुलीला रागावू नका. ‘मी लवकर निघाले असते, तर गाडी मिळाली असती’ यात ‘असणे’चं रूप दोन्हीकडे येतं, म्हणून ती ‘वुड हॅव’ही दोन्हीकडे घालते. इंग्रजीत अटीच्या भागात ‘हॅड’ येतं, परिणामाच्या भागात ‘वुड हॅव’ आणि दोन्हीकडे क्रियापदाचं तिसरं रूप: ‘इफ आय हॅड लेफ्ट अर्लियर, आय वुड हॅव कॉट द ट्रेन.’ अमेरिकी बोलण्यात दोन्हीकडे ‘वुड हॅव’ ऐकू येतं, पण परीक्षेत ते लिहू नये.

खरी मेख ‘आय’ड’मध्ये आहे. हा ‘ड’ ‘हॅड’चाही असतो आणि ‘वुड’चाही. तेव्हा सध्या तिला पूर्ण रूपंच लिहू द्या.

परिणाम आत्ताचा असेल, तर ‘हॅव’ गळतं. चामराजपुरम स्टेशनवर नंजनगूडची गाडी चुकली, तर तिथेच उभं राहून म्हणायचं: ‘इफ आय हॅड कॉट द ट्रेन, आय वुड बी इन नंजनगूड नाउ.’