मुक्काम पोस्ट साउथ डकोटा

मिरजेच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पत्रावर 'मु. पो.' असायचं. मुक्काम आणि पोस्ट असे दोन शब्द कशाला, हा प्रश्न तेव्हा पडला नाही, कारण दोन्ही एकाच जागी होते. तो पडला एकसष्टाव्या वर्षी. न्यू जर्सीतलं एडिसनचं घर विकून आम्ही दोघं तीस फुटी मोटारहोममध्ये राहायला गेलो. मुक्काम दर आठवड्याला बदलणार होता. पण पोस्ट? अमेरिकेत ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची नोंदणी, मतदान, राज्याचा आयकर, मृत्युपत्राचे नियम, पासष्टच्या आतल्यांचा आरोग्य विमा, सगळं राज्यावरून ठरतं. 'राज्य नाही' असा रकाना कुठल्याच फॉर्मवर नसतो.

याला आता पाच वर्षं होत आली. रस्त्यात मराठी जोडपी भेटतात (मोजकीच, पण फोडणीच्या वासावरून सापडतात) आणि दुसऱ्या चहाला हमखास विचारतात, "तुम्ही राज्य कुठलं घेतलंत?" त्यांना जे तोंडी सांगते, तेच इथे लिहिते.

१. मुलाचा पत्ता देऊ नका.

प्रत्येक मराठी घरात हाच पहिला विचार येतो. आम्हीही केला. मुलगा न्यू जर्सीतच राहतो, मग अडचण काय? अडचण अशी, की त्या पत्त्यावर लायसन्स, गाडी आणि मतदान ठेवलं की तुम्ही कागदोपत्री त्याच राज्याचे राहता आणि तिथला कर तुमच्या मागे राहतो. त्यातून घरात राहणारे सगळे वाहनचालक विमा कंपनीला सांगावे लागतात, म्हणजे सासूसासऱ्यांचं नाव सुनेच्या गाडीच्या विम्यात शिरतं. आणि टपाल? ते फ्रिजवर साठत जातं. सून गुणी आहे, पण आमची बिलं उघडून वाचणं हे तिचं काम नव्हे.

हे काम पैसे घेऊन करणाऱ्या टपाल सेवा आहेत. त्या तुम्हाला क्रमांकाची पेटी देतात, पाकिटाचा फोटो पाठवतात आणि तुम्ही सांगाल तसं उघडतात, पुढे पाठवतात किंवा फाडून टाकतात. त्यासाठी टपाल खात्याचा १५८३ क्रमांकाचा फॉर्म भरून ओळख पटवून द्यावी लागते. बहुतेक फिरस्ते या सेवा साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा या तीन राज्यांत घेतात. आम्ही साउथ डकोटातली रॅपिड सिटी घेतली.

२. आयकर वाचतो म्हणून हुरळू नका.

या तिन्ही राज्यांत आयकर नाही, आणि कुणीही पहिली हीच गोष्ट सांगतो. आम्हीही हुरळलो. मग नवऱ्याने एका रविवारी कागद-पेन्सिल घेतली. न्यू जर्सी सोशल सिक्युरिटीवर कर लावतच नाही. ६२ च्या पुढच्या जोडप्याचं एकूण उत्पन्न १ लाख डॉलरच्या आत असेल, तर पेन्शनही तिथे करातून वगळता येतं. आमचं उत्पन्न त्या आतच होतं. म्हणजे ज्या कराला घाबरून आम्ही देश ओलांडायला निघालो होतो, तो आम्हाला जवळजवळ लागतच नव्हता! रस्त्यावरून कॉम्प्युटरवर नोकरी करणाऱ्या तरुणाचा हिशेब वेगळा निघेल. दुसऱ्याच्या हिशेबावर आपलं राज्य ठरवू नका, एवढंच.

एक भीती मात्र खोटी आहे: सोडलेलं राज्य आयुष्यभर तुमच्या पेन्शनवर हक्क सांगेल ही. दुसऱ्या राज्यात स्थायिक झालेल्याच्या निवृत्तिवेतनावर जुन्या राज्याला कर लावता येत नाही, असा केंद्राचा कायदा १९९६ मध्येच झाला.

३. आधी राज्य, मग गाडी.

आम्ही उलटं केलं. सवलतीची मुदत संपत होती म्हणून न्यू जर्सीचे रहिवासी असतानाच गाडी घेतली. १ लाख २० हजार डॉलरवर तिथला ६.६२५ टक्के विक्रीकर, म्हणजे ७,९५० डॉलर. साउथ डकोटात तोच कर ४ टक्के, म्हणजे ४,८०० झाला असता. नंतर नोंदणी तिकडे नेली तेव्हा त्यांनी पुन्हा कर मागितला नाही, पण वरचे ३,१५० कोण परत देणार? घाईची दक्षिणा म्हणून विसरून गेलो. (नवरा अजून विसरलेला नाही.)

माँटानात विक्रीकरच नाही, म्हणून तिथे नावापुरती कंपनी काढून गाडी तिच्या नावावर करणारे महाभागही भेटतील. लाखो डॉलरची बससारखी गाडी चालवतात आणि पाठीमागून कुठल्या राज्याची नोटीस येते का, ते आरशात बघत असतात. त्या वाटेला जाऊ नका.

४. एक रात्र पुरते, पण एका रात्रीत होत नाही.

भाच्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या वेळी डोमिसाइलचा दाखला काढायला मी सेतू कार्यालयात उभी राहिले आहे. महाराष्ट्रात १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे जोडावे लागतात. साउथ डकोटात फिरस्त्याला लायसन्ससाठी लागते एका रात्रीच्या मुक्कामाची पावती, वर्षाच्या आतली, आणि एक प्रतिज्ञापत्र. कॅम्पग्राउंडची चुरगळलेली पावती मी खिडकीतून आत सरकवली तेव्हा हात थरथरत होता. बाई हसल्या आणि म्हणाल्या, रोज दहा येतात.

पण लायसन्स मिळणं वेगळं आणि अधिवास बदलणं वेगळं. अधिवास म्हणजे 'परतायचं ते हे राज्य' असा तुमचा मनातला इरादा, आणि मनातलं कुणाला दिसत नसल्यामुळे तो कागदांवरून ओळखतात. कुठे मत देता, डॉक्टर कुठला, लॉकर कुठे, मृत्युपत्र कुठल्या राज्याच्या कायद्याने केलंय, जुन्या राज्यात राहायला घर शिल्लक आहे का आणि वर्षातले किती दिवस तिथे काढता. न्यू जर्सीत कायमचं घर ठेवून वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात, तर अधिवास दुसरीकडे असला तरी तिथले रहिवासी ठरता. कॅलिफोर्निया याबाबतीत अधिकच चिकट, असं तिथून निघालेले सगळे सांगतात.

आमचे धागे आम्हाला वाटलं तितके तुटले नव्हते. दीड वर्षाने मुलाच्या घरी नवऱ्याच्या नावे जुन्या काउंटीचं ज्युरी ड्यूटीचं बोलावणं आलं, कारण तिथल्या मतदार यादीतून नाव काढून घ्यायचं राहिलं होतं. तेव्हापासून सांगते, नवीन राज्यात काय काय करायचं ही यादी अर्धीच असते. जुन्या राज्यात काय काय बंद करायचं, ती यादी आधी लिहा.

५. पासष्ट झाली नसतील तर आरोग्य विम्यावरून राज्य ठरवा.

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. नवरा ६७ चा होता. त्याचं मेडिकेअर केंद्राचं, मूळ स्वरूपातलं, ते घेणारा कुठल्याही राज्यातला डॉक्टर त्याला चालतो. मी एकसष्टची. माझा विमा बाजारातला, म्हणजे पत्त्याच्या पिन कोडला बांधलेला. मी सगळ्यात कमी हप्त्याची योजना घेतली आणि तिच्या डॉक्टरांचं जाळं कुठवर पसरलंय ते बघितलंच नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही ॲरिझोनात असताना पित्ताशयातल्या खड्याने मला मध्यरात्री इमर्जन्सीत नेलं. तो खर्च विम्याने दिला. तातडीचा उपचार जाळ्याबाहेरचा असला तरी द्यावाच लागतो. पण दुखणं उतरल्यावर डॉक्टर म्हणाले, पित्ताशय काढून टाका, आज नाही तरी या महिन्यात. तिथेच पेच पडला. आजची तातडी संपली होती आणि पुढच्या शस्त्रक्रियेसाठी माझा सर्वात जवळचा 'आपला' सर्जन हजारभर मैलांवर, बर्फात. तीस फुटी गाडी जानेवारीत उत्तरेला न्यायची हिंमत दोघांचीही नव्हती. शेवटी मी विमानाने गेले, दहा दिवस हॉटेलात एकटी राहिले, आणि नवरा वाळवंटात मऊ भात करायला फोनवर शिकत होता. तो भात कुणासाठी शिकत होता देव जाणे, मी तर तिकडे होते.

फ्लोरिडात राज्याबाहेरही चालणाऱ्या जाळ्याची योजना मिळते, म्हणून पासष्टच्या आतले बरेच फिरस्ते तिकडे वळतात. हे मला आधी कळलं असतं तर आमचं पोस्ट फ्लोरिडात असतं, वादळं आणि महाग गाडी विमा सोसूनही. आणि मेडिकेअरवाल्यांनो, स्वस्त हप्त्याच्या 'ॲडव्हान्टेज' योजना काउंटीला बांधलेल्या असतात, हेही बघून घ्या.

६. ग्रीन कार्डवर असाल तर घर विकण्याआधी नागरिकत्वाचं बघा.

भारतीय पासपोर्ट सोडायला माझं मन तयार होईना, म्हणून मी ग्रीन कार्डवरच निघाले. ग्रीन कार्डधारकाने पत्ता बदलला की १० दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवायचं असतं. पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचं ठरलं, तर अर्जाआधीचे ३ महिने त्या राज्यात किंवा खात्याच्या तिथल्या कार्यालयाच्या हद्दीत खरोखर राहिलेलं असावं लागतं. इथे पेटीचा क्रमांक उपयोगी नाही. शेवटी मन तयार झालं, मग २०२४ चा उन्हाळा आम्ही साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्समध्ये एका जागी काढला. एडिसन सोडल्यापासून एका झाडाखाली इतके दिवस पहिल्यांदाच राहिलो, आणि खरं सांगते, राज्य तेव्हा कुठे थोडंसं आपलं वाटलं. त्या मुक्कामाचा दुसरा उपयोग असा, की २०२३ मध्ये साउथ डकोटाने मतदार नोंदणीसाठी ३० दिवसांच्या वास्तव्याची अट घातली होती, तीही पुरी झाली. बोटांचे ठसे आणि मुलाखत यांसाठी मात्र परत फिरावं लागलं.

नागरिक झाल्यावर ओसीआय कार्डासाठी कुठलं भारतीय कौन्सुलेट, तेही राज्यावरून ठरतं. टेक्सासचा पत्ता असेल तर ह्यूस्टन, फ्लोरिडाचा असेल तर अटलांटा.

७. किरकोळ, पण अडवणारं.

एका बँकेने आमचा पत्ता 'व्यावसायिक टपालपेटी' म्हणून नाकारला आणि खातं गोठवायची भाषा केली. राहायचा पत्ताच नसेल तर जवळच्या नातेवाइकाचा पत्ता बँकेला नियमानुसार चालतो. मुलाचा पत्ता आम्ही फक्त तिथे वापरला.

गाडीच्या विम्यात 'आम्ही गाडीतच राहतो' हे लिहून द्या. सुट्टीपुरती वापरतो असं सांगून वाचवलेले पैसे पहिल्याच दाव्यात जातात. टेक्सासात २६,००० पौंडांवरच्या मोटारहोमला वेगळ्या वर्गाचं लायसन्स लागतं. तिथली वार्षिक सुरक्षा-तपासणी मात्र २०२५ पासून खासगी गाड्यांना माफ झाली. ज्यांनी त्या कारणासाठी टेक्सास टाळलं होतं, त्यांनी पुन्हा विचार करावा.

८. चाक थांबेल तेव्हाचं राज्य कुठलं?

टेक्सासात लिव्हिंग्स्टन नावाचं छोटं गाव आहे. 'एस्केपीज' या फिरस्त्यांच्या संघटनेचं मुख्य ठाणं तिथे आहे आणि शेजारीच एक केंद्र आहे. ज्यांना आता गाडी चालवता येत नाही ते तिथे आपल्याच मोटारहोममध्ये राहतात. जेवण, दवाखान्याची ने-आण आणि सोबत मिळते. आम्ही तिथे चार दिवस होतो. एक आजोबा रोज सकाळी ड्रायव्हरच्या सीटवर बसून कॉफी पीत, गाडी मात्र जागची हलत नसे. नवरा त्या दिवसांत फारसा बोलला नाही. आमचं पुढचं राज्य बहुधा टेक्सास असेल.

९. तूर्तास.

साउथ डकोटाचं लायसन्स ५ वर्षांनी संपतं आणि आमचं या ऑगस्टात संपतंय, म्हणजे पुन्हा एक रात्र, पुन्हा एक पावती. तुमचंही त्याच सुमाराला असेल तर जागा आतापासून राखून ठेवा. ऑगस्टच्या सुरुवातीला रॅपिड सिटीजवळ स्टर्जिसला मोटरसायकलवाल्यांची जत्रा भरते आणि त्या दहा दिवसांत आसपासच्या कुठल्याच कॅम्पग्राउंडवर जागा मिळत नाही.