झाकली मूठ आणि इंटरनेट

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ही मूठ इंटरनेटने उघडली तर? याचा एक खराखुरा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. त्याचाच हा छोटासा अभ्यास.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टर सांगायच्या, दुसऱ्याच्या श्रद्धेची थट्टा करू नये. ते मला आजही पटतं, आणि म्हणूनच हा विषय घेतला. कारण इथे थट्टा तर झाली, पण तिच्यामुळे काही चांगलंही झालं. मग रेषा आखायची कुठे?

मूठ कोणाची?

एल. रॉन हबर्ड हे अमेरिकन विज्ञानकथा लेखक. १९५० साली त्यांचं ‘डायनेटिक्स’ हे पुस्तक आलं आणि त्यातून पुढे सायंटॉलॉजी हा पंथ उभा राहिला. यात साधक एकेक पायरी चढत जातो आणि वरच्या पायऱ्यांसाठी भरपूर पैसे मोजावे लागतात. वरची शिकवण खालच्या पायरीवरच्यांपासून गुप्त ठेवलेली. त्यातलीच एक कथा झेनू नावाच्या राजाची, साडेसात कोटी वर्षांपूर्वीची, परग्रहांवरची!

आता कथा विचित्र आहे म्हणून हसायचं, हे काही बरोबर नाही. बाहेरच्या माणसाला कुठल्याही धर्माची कथा विचित्रच वाटते. खरा आक्षेप होता तो पैशाला, गुप्ततेला आणि टीकाकारांना कोर्टात खेचण्याच्या पद्धतीला. १९९१ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने या संस्थेवर टीकेची कव्हर स्टोरी छापली, तर संस्थेने ४१ कोटी ६० लाख डॉलरचा दावा ठोकला. तो १९९६ मध्ये फेटाळला गेला. पण ‘टाइम’कडे वकिलांची फौज होती. साध्या माणसाने काय करायचं?

पहिली फेरी : १९९५

त्या काळी युझनेटवर सायंटॉलॉजीवर चर्चा करणारा एक ग्रुप होता. तिथे गुप्त कागदपत्रं येऊ लागली. जानेवारी १९९५ मध्ये संस्थेच्या वकिलांनी अख्खा ग्रुपच डिलीट करण्याचा आदेश नेटवर सोडला. पण युझनेट काही एका मशीनवर नव्हतं. प्रत्येक सर्व्हरकडे स्वतःची प्रत, आणि आदेश पाळायचा की नाही हे त्या त्या सर्व्हरचा अॅडमिन ठरवणार. बहुतेकांनी तो पाळला नाही. उलट ज्यांना ग्रुपचं नावही माहीत नव्हतं तेही वाचायला आले. झाकायला गेले आणि उघडं पडलं!

दुसरी फेरी : २००८

जानेवारी २००८ मध्ये टॉम क्रूझचा, पंथाची स्तुती करणारा एक अंतर्गत व्हिडिओ यूट्यूबवर फुटला. संस्थेने कॉपीराइटचा दावा करून तो काढायला लावला. झालं! फोरचॅनवरची टवाळखोर मंडळी चवताळली. ‘अॅनॉनिमस’ या नावाखाली मोहीम सुरू झाली, तिचं नाव प्रोजेक्ट चॅनॉलॉजी. २१ जानेवारीला सरकणारे ढग आणि कॉम्प्युटरचा आवाज असलेला युद्धघोषणेचा व्हिडिओ आला.

सुरुवातीला त्यांनी काय केलं? संस्थेच्या साइटवर डीडॉस हल्ले. डीडॉस म्हणजे काय, तर समजा मेसच्या खिडकीवर पाचशे जण उभे राहिले आणि प्रत्येकाने फक्त “आज भाजी कोणती?” एवढंच विचारलं. जेवायचं कोणालाच नाही, पण ज्याला खरी भूक लागली आहे त्याला ताट मिळत नाही. रांग हटली की खिडकी पुन्हा चालू. म्हणजे नुकसान तात्पुरतं, गुन्हा मात्र पक्का. साइट लवकरच अशा हल्ल्यांपासून संरक्षण देणाऱ्या कंपनीकडे गेली, आणि संस्थेला समोरच्यांना सायबर दहशतवादी म्हणायची आयती संधी मिळाली. हल्ल्यात भाग घेणाऱ्या न्यू जर्सीच्या एका १९ वर्षांच्या मुलाला २००९ मध्ये वर्षभराचा तुरुंगवास झाला. वय बघा, आपलंच!

मग मार्क बंकर या जुन्या टीकाकाराने एका व्हिडिओतून या मुलांना कळकळीने सांगितलं, की बेकायदा काहीही करू नका. त्याचं ऐकलं गेलं. १० फेब्रुवारी २००८ ला जगभरातल्या ९० हून अधिक शहरांत अंदाजे सात हजार लोक संस्थेच्या कार्यालयांसमोर उतरले. त्यासाठी आधी नियमावलीच निघाली होती : शस्त्र नको, पोलिसांशी नीट वागा, पाणी न्या, आरामदायी बूट घाला, चेहरा झाका. अनेकांनी ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ चित्रपटातला गाय फॉक्सचा मुखवटा घातला. कारण साधं होतं, ओळख पटली तर त्रास होईल ही भीती.

मीमने काय केलं?

मीम हा शब्द रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये आणला. अर्थ असा, की एका मेंदूतून दुसऱ्यात नकलेने पसरणारी कल्पना. चांगला मीम लहान असतो, कॉपी करायला सोपा असतो आणि थोडा बदलूनही ओळखू येतो. मोर्च्यात लांबलचक मांजराचे पोस्टर होते, रिक अॅस्टलीचं १९८७ चं गाणं मोठ्याने वाजत होतं. वरवर पाहिलं तर सगळा पोरकटपणा. पण ज्या दारासमोर लोक वर्षानुवर्षं दबकत बोलायचे, तिथे मुलं नाचत होती. भीती गेली की माणूस बोलायला लागतो. माझ्या मते मीमचं खरं काम हेच. तो पुरावा नाही, तो भीती उतरवतो. पुरावा देणारे वेगळेच : संस्था सोडलेली माणसं, पत्रकार, कोर्टं. फ्रान्समध्ये २००९ साली संघटित फसवणुकीबद्दल संस्थेला दंड झाला, तो कोर्टातल्या पुराव्यावर, मांजराच्या पोस्टरवर नव्हे.

नाण्याची दुसरी बाजू

याच मोहिमेत कॅलिफोर्नियातल्या एका ५९ वर्षांच्या गृहस्थांना हल्लेखोरांनी चुकून शत्रू समजून त्यांचा पत्ता आणि फोन नंबर जाहीर केला. धमक्यांचे फोन सुरू झाले. त्यांचा या प्रकरणाशी काही संबंधच नव्हता! जो मुखवटा दुबळ्याला बलवानापासून वाचवतो, तोच मुखवटा घातल्यावर “हे कोणी केलं?” या प्रश्नाला उत्तर देणारं कोणी उरत नाही. डिलीटचा आदेश न मानणारं नेटवर्क चुकीचा पत्तासुद्धा परत घेत नाही.

धडा

आज आपल्या हॉस्टेलच्या ग्रुपवरही कोणा बाबाचा, कोणा पंथाचा मीम येतो आणि आपण हसत हसत पुढे पाठवतो. पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारूया. हा मीम सत्ता असलेल्यावर आहे, की निमूटपणे पूजा करणाऱ्या माणसावर? त्यात कोणाचं नाव, फोटो, पत्ता आहे का? आणि कोणी पुरावा मागितला तर मी मुखवटा काढून उत्तर देऊ शकेन का?

पहिल्याचं उत्तर ‘सत्तेवर’, दुसऱ्याचं ‘नाही’ आणि तिसऱ्याचं ‘हो’ असेल तर खुशाल पाठवा. सिस्टरसुद्धा रागावणार नाहीत, असं मला वाटतं!