साठाचा हिशेब आणि बाळाचा श्वास

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कडावजवळच्या एका वाडीतून आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आजी आणि वडील दवाखान्यात आले. "डॉक्टर, पोराला कालपास्नं धाप लागलीय," आजी म्हणाल्या. वडील भाताच्या गिरणीत कामाला. त्यांनी रात्री घड्याळ लावून पंधरा सेकंदांत १२ श्वास मोजले, चारने गुणून ४८ हा आकडा काढला आणि पन्नासच्या आत आहे म्हणून सकाळपर्यंत थांबले. बाळ शांत झाल्यावर मी पूर्ण मिनिट मोजले. ५४ भरले. न्यूमोनियाची सुरुवात होती.

गुणाकार तर बरोबर होता. मग चुकले कुठे?

आधी हिशेब पाहू. एखादी क्रिया सेकंदाला किती वेळा घडते, ते हर्ट्झमध्ये सांगतात. नाडी, श्वास, मोटारीचे फेरे आपण मिनिटाला मोजतो. मिनिटाच्या आकड्याला ६० ने भागले की हर्ट्झ मिळतात. हर्ट्झला ६० ने गुणले की मिनिटाचा आकडा. गिरणीच्या मोटारीवर १४४० आर.पी.एम. लिहिले असेल, तर ते सेकंदाला २४ फेरे. घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे मिनिटाला ३००० आवर्तने. मिनिटाला ७२ ठोके देणारे हृदय १.२ हर्ट्झचे.

मोटार एका लयीत फिरते. तिचे थोडा वेळ मोजून गुणले तरी चालते. बाळाचा श्वास मात्र कधी भरभर, कधी संथ. शिवाय पंधरा सेकंदांत एक श्वास मोजायचा राहिला, तर गुणाकारात चार राहतात. १२ चे ४८ होतात आणि १३ चे ५२. एका श्वासावर निर्णय फिरतो! गुणाकाराने आकडा वाढतो, तशी चूकही वाढते.

म्हणून बाळ रडत किंवा दूध पीत नसताना, अंगावरचा कपडा वर करून, पोटाची हालचाल पूर्ण ६० सेकंद मोजावी. एकाने घड्याळ पाहावे, दुसऱ्याने श्वास मोजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील, तर श्वास जलद समजावा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. खोकला किंवा धाप असून श्वास जलद असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध पीत नसेल किंवा सुस्त पडले असेल, तर मोजत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे, मग रात्र असो की पाऊस.

मोठ्यांची नाडी नियमित असेल, तर तीस सेकंद मोजून दुप्पट करायला हरकत नाही. ठोके मागेपुढे पडत असतील, तर तिथेही पूर्ण मिनिटच मोजावे.

त्या बाळाला औषध सुरू झाले आणि ते बरे झाले. जाताना वडील म्हणाले, "डॉक्टर, मोटारीचा हिशेब पोराला लावला." तुम्ही तसे करू नका. घड्याळाचा काटा पूर्ण फिरू द्या.